थांबण्याचे ज्ञान : अर्बुदरोधक जनुके आणि शरीराची घडण



वार्षिक अहवालातील ताळेबंद पैसा कोठून आला आणि कोठे खर्ची पडला हे सांगतो. ज्या रोगाशी झुंजण्यासाठी तो खर्ची पडला, त्या रोगाचे स्वरूप मात्र ताळेबंदातून कळत नाही. ते कळावे, या हेतूने हा अभ्यासलेख आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. कर्करोग विभागाबाहेरील बाकांवर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून दोन प्रश्न वारंवार ऐकू येतात. पहिला प्रश्न असा : “आमच्या घराण्यात कुणालाच हा आजार नव्हता, मग यालाच कसा झाला?” दुसरा प्रश्न लहान मुलांच्या आईवडिलांचा असतो : “या तान्ह्या जिवाने कोणते व्यसन केले होते?” हे प्रश्न भाबडे वाटले, तरी विसाव्या शतकातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी याच प्रश्नांचा पाठपुरावा केला आणि त्यातूनच ‘अर्बुदरोधक जनुके’ ही संकल्पना उदयास आली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे विषयाची मांडणी शक्यतो साध्या भाषेत आणि व्यवहारातील दाखल्यांनी करणार आहोत.

१. एका पेशीपासून देहापर्यंत

आपणा प्रत्येकाचा प्रारंभ एका फलित पेशीपासून होतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असे करीत नऊ महिन्यांत त्या पेशीच्या अब्जावधी पेशी होतात. परंतु केवळ संख्या वाढून बाळ तयार होत नाही. नुसती संख्या वाढली असती, तर मांसाचा एक गोळा तयार झाला असता. बाळ घडण्यासाठी त्या पेशींनी निरनिराळी रूपे धारण करणे आवश्यक असते. काही पेशी हृदयाच्या स्नायूच्या होतात, काही हाडाच्या, काही रक्ताच्या, तर काही डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या होतात. या प्रक्रियेला शास्त्रीय परिभाषेत पेशींचे ‘विभेदन’ म्हणतात.

यातील आश्चर्य असे, की जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. माणसाच्या पेशीत प्रथिने बनविण्याची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. एखाद्या मोठ्या संस्थेत नियमावली एकच असते आणि तिची प्रत प्रत्येक खात्याकडे असते. मात्र लेखा विभाग आपले प्रकरण उघडतो, भांडार विभाग आपले. पेशींचेही तसेच आहे. डोळ्याची पेशी डोळ्याचे प्रकरण वाचते आणि हाडाचे प्रकरण मिटून ठेवते.

देहाच्या घडणीत वाढणे आणि वेगळे होणे यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे थांबणे. गर्भातील बाळाचा हात प्रथम वल्ह्यासारखा अखंड असतो. बोटांमधील पेशी ठरलेल्या वेळी स्वतःहून नाश पावतात, म्हणून पाच बोटे सुटी होतात. मज्जापेशी एकदा परिपक्व झाली, की ती सहसा पुन्हा दुभंगत नाही. म्हणजेच परिपक्व होणे आणि विभाजन थांबविणे या दोन क्रिया हातात हात घालून चालतात. ज्या पेशीला थांबता येत नाही, तिला परिपक्व होणेही अवघड जाते. कर्करोगाच्या गाठीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्या पुष्कळदा अर्धवट घडलेल्या आणि आपल्या मूळ अवयवाची ओळख विसरलेल्या दिसतात. गाठीच्या तपासणी अहवालात विभेदन ‘चांगले’, ‘मध्यम’ किंवा ‘कमी’ असा जो शेरा असतो, त्याचा अर्थ हाच. पेशी आपल्या मूळ रूपापासून जितकी दूर गेली असेल, तितका रोग बहुधा आक्रमक असतो.

वाढीला आवर घालणारी आणि पेशीला परिपक्वतेकडे नेणारी जी जनुके आहेत, त्यांपैकी अनेकांची गणना अर्बुदरोधक जनुकांत होते. ‘अर्बुद’ म्हणजे गाठ. ती होऊ न देणारी, म्हणून ‘अर्बुदरोधक’. हे नाव त्यांना रोगावरून मिळाले. वास्तविक त्यांचे नित्याचे काम देह घडविण्याचे आणि तो नीट राखण्याचे आहे.

२. दोन कुलपांची तिजोरी

अशी जनुके असतात हे प्रथम कळले, ते एका दुर्मीळ बालरोगामुळे. ‘रेटिनोब्लास्टोमा’ हा डोळ्याच्या आतील पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. सुमारे १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका बालकास तो होतो आणि बहुतेक वेळा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आतच दिसून येतो. काही मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी असतात, तर काहींच्या एकाच डोळ्यात एकच गाठ असते.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन रुग्णालयात कार्यरत असलेले डॉ. आल्फ्रेड नडसन यांनी या रोगाच्या ४८ बालरुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या या कामात सूक्ष्मदर्शक नव्हता की प्रयोगशाळा नव्हती. होते ते जुने नोंदपट, रोग कळला तेव्हाचे मुलाचे वय आणि साधे गणित. रुग्णालयाचे दप्तर सांभाळणाऱ्या आम्हांस या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते, कारण नीट ठेवलेली नोंद किती मोलाची असते याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

नडसन यांच्या लक्षात आले, की दोन्ही डोळ्यांचा रोग असलेली मुले लवकर, बरीचशी पहिल्या वर्षीच, आजारी पडतात. एकाच डोळ्याचा रोग असलेली मुले त्या मानाने उशिरा आजारी पडतात. त्या आकड्यांवरून त्यांनी १९७१ साली एक सिद्धान्त मांडला. तो समजण्यासाठी आपण संस्थेच्या तिजोरीचा दाखला घेऊ. तिजोरीला दोन कुलपे आहेत. एक तुटले, तरी दुसरे शाबूत असेपर्यंत तिजोरी बंदच राहते. ती उघडण्यास दोन्ही कुलपे तुटावी लागतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. या दोन प्रती म्हणजेच ती दोन कुलपे. सामान्य बालकाच्या डोळ्यातील एकाच पेशीत दोन्ही प्रती बिघडणे हा अत्यंत दुर्मीळ योग. म्हणून तो रोग एकाच डोळ्यात आणि उशिरा होतो. परंतु एखाद्या बालकाला जन्मतःच प्रत्येक पेशीत एक प्रत बिघडलेली मिळाली, तर लक्षावधी पेशींपैकी कोणत्याही पेशीत दुसरी प्रत बिघडणे पुरेसे ठरते. म्हणून त्या बालकाच्या दोन्ही डोळ्यांत आणि लवकर गाठी होतात.

याच सुमारास ऑक्सफर्डचे हेन्री हॅरिस यांनी वेगळ्या वाटेने तोच निष्कर्ष गाठला होता. कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी एकमेकींत मिसळून त्यांनी संयुक्त पेशी तयार केल्या. तोवर कर्करोग वरचढ ठरेल असा समज होता. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उलटेच दिसले. संयुक्त पेशी निरोगी पेशीची गुणसूत्रे टिकवून होती, तोवर तिने गाठ निर्माण केली नाही. निरोगी पेशीजवळ असे काहीतरी होते, जे कर्करोगी पेशीने गमावले होते. कर्करोगामागे नवे काही शिरणे असते, तसेच जुने काही हरवणेही असते, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली.

१९८६ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग, थॅडियस ड्रायजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराव्या गुणसूत्रावरील ते जनुक वेगळे काढले. रोगाच्या नावावरून त्याला ‘आरबी’ असे नाव मिळाले. हाती आलेले हे पहिले अर्बुदरोधक जनुक.

३. आरबीचे नित्याचे काम

आरबी जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या विभाजनाच्या उंबरठ्यावर रखवालदारासारखे उभे असते. विभाजनास लागणारी जनुके सुरू करणारे ‘ई२एफ’ नावाचे प्रथिनांचे एक कुटुंब आहे. आरबी त्यांना धरून ठेवते. देहाला नव्या पेशींची गरज असेल, तेव्हा वाढीचे संदेश येतात. त्या संदेशांमुळे विशिष्ट विकरे आरबीवर फॉस्फेटचे कण चिकटवितात, आरबीची पकड सुटते, ई२एफ मोकळे होतात आणि पेशी विभाजनाच्या मार्गाला लागते. काम झाले, की फॉस्फेट काढले जाते आणि रखवालदार पुन्हा जागेवर येतो. आरबीच नसेल, तर दार सताड उघडे राहते.

तथापि हे जनुक केवळ डोळ्याचे रक्षण करीत नाही. १९९२ साली तीन निरनिराळ्या गटांनी आरबीच्या दोन्ही प्रती नसलेले उंदीर तयार करण्याचा प्रयत्न केला. ते उंदीर जन्मासच आले नाहीत. गर्भावस्थेच्या साधारण तेराव्या ते पंधराव्या दिवसांदरम्यान ते गर्भ मरण पावले. त्यांच्या तांबड्या रक्तपेशी परिपक्व होत नव्हत्या आणि मज्जासंस्थेतील पेशी मोठ्या प्रमाणावर मरत होत्या. २००३ साली या कोड्याचा आणखी एक पदर उलगडला. दोष बऱ्याच अंशी वारेत होता. आरबी नसल्यामुळे वारेतील पेशी बेसुमार वाढत आणि वारेची नाजूक रचना बिघडे. गर्भाला निरोगी वार मिळेल अशी व्यवस्था केल्यावर आरबी नसलेले गर्भ जन्मापर्यंत जगू शकले. आईच्या उदरात बाळाचे पोषण करणाऱ्या वारेलाही योग्य वेळी थांबण्याची शिकवण लागते, असा याचा अर्थ.

स्नायूंच्या बाबतीतही असेच आढळते. स्नायूंच्या कोवळ्या पेशी एकमेकींत मिसळून लांब तंतू बनतात आणि त्यानंतर विभाजन कायमचे सोडून देतात. आरबी नसलेल्या पेशींपासून प्रयोगशाळेत बनविलेले असे तंतू वाढीचे संदेश मिळताच पुन्हा विभाजनाची तयारी करू लागले. त्यांना निवृत्ती मान्य नव्हती, असे म्हणावे लागेल. हाडे बनविणाऱ्या पेशींमध्ये आरबी त्या पेशींना परिपक्व करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या जोडीने काम करते, असे २००१ साली दाखविण्यात आले. जन्मतः आरबीची एक प्रत सदोष असलेली जी मुले डोळ्याच्या रोगातून बरी होतात, त्यांना पुढे किशोरवयात हाडांच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक होते. त्याचा एक धागा येथे सापडतो.

मग आरबी सर्वत्र काम करीत असताना बालपणी रोग डोळ्यालाच का होतो? रंग आणि बारकावे पाहणाऱ्या ‘शंकुपेशी’ दृष्टिपटलात असतात. शंकुपेशी होऊ घातलेल्या, पण पुरत्या न घडलेल्या पेशींमध्ये आरबी नाहीसे झाले, की त्याच पेशी गाठीचे मूळ ठरतात, असे २०१४ साली मानवी पेशींवरील प्रयोगांत दिसून आले. घडणीच्या त्या विशिष्ट टप्प्यावर या पेशींत विभाजनाला पोषक अशी इतर प्रथिने आधीच मुबलक असतात. त्यामुळे आरबी हेच त्यांचे मुख्य बंधन असते. दृष्टिपटल घडून पूर्ण झाले, की हा धोक्याचा काळ सरतो. रेटिनोब्लास्टोमा हा बालपणाचाच रोग का, याचे उत्तर अशा रीतीने अवयवाच्या घडणीत दडलेले आहे.

४. याच कुळातील आणखी तीन जनुके

मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या ‘विल्म्स’ गाठीचा अभ्यास करताना १९९० साली ‘डब्ल्यूटी१’ हे जनुक सापडले. १९९३ साली हे जनुक नसलेल्या उंदरांच्या गर्भांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात मूत्रपिंडे तयारच झाली नव्हती. एकच जनुक आरंभापासून नसेल तर अवयव घडत नाही, आणि घडणीच्या मध्यावर एखाद्या पेशीतून हरवले तर त्याच अवयवात गाठ होऊ शकते. विल्म्सच्या गाठीजवळ पुष्कळदा गर्भावस्थेतील अर्धवट ऊतींचे अवशेष आढळतात. जन्मापूर्वी पूर्ण व्हावयाचे काम तेथे राहून गेलेले असते. डब्ल्यूटी१चा दोष सर्वच विल्म्स गाठींत नसतो. तथापि घडणीचा दोष आणि कर्करोग यांचे नाते या उदाहरणाइतके स्पष्ट इतरत्र क्वचितच दिसते.

दुसरे जनुक ‘एपीसी’. ते १९९१ साली सापडले. आपल्या आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. अस्तरातील खोलगट खाचांच्या तळाशी मूळ पेशी दुभंगतात. नव्या पेशी वर सरकत परिपक्व होतात आणि अखेरीस गळून पडतात. वर सरकताना विभाजनाचा संदेश बंद करण्याचे काम एपीसी करते. ते बिघडले, तर पेशी थांबत नाहीत आणि अस्तरावर कोंब येऊ लागतात. ज्या कुटुंबांत सदोष एपीसी पिढीजात चालत येते, तेथे तरुण वयातच मोठ्या आतड्यात शेकडो कोंब आढळतात. वेळीच उपाय न केल्यास त्यांतून कर्करोग होणे जवळजवळ अटळ असते.

तिसरे जनुक सुप्रसिद्ध ‘पी५३’. त्याचे प्रथिन १९७९ साली सापडले. प्रथम ते कर्करोगास साहाय्य करणारे मानले गेले. १९८९ च्या सुमारास ते वस्तुतः अर्बुदरोधक आहे हे सिद्ध झाले. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले असते. ते नसलेले उंदीर बहुतांशी व्यवस्थित जन्मास येतात, परंतु काही महिन्यांतच त्यांना गाठी होतात. यावरून या जनुकांमधील कामाची वाटणी ध्यानात येते. डब्ल्यूटी१ इमारत बांधणाऱ्या गवंड्यासारखे आहे, तर पी५३ लेखापरीक्षकासारखे. पेशीच्या डीएनएत चूक झाली, तर पी५३ काम थांबविते, दुरुस्तीस अवधी देते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीस नष्ट होण्याचा आदेश देते.

५. विषाणूची चोरवाट आणि पुण्याची लस

आपल्या देशातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याचे मुख्य कारण एचपीव्ही हा विषाणू होय, हे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखविले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे ‘ई७’ हे प्रथिन आरबीला जाऊन चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते, असे १९८९ साली आढळले. त्याच विषाणूचे ‘ई६’ हे प्रथिन पी५३चा नाश घडविते. विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी विभाजनाच्या तयारीतील पेशी हव्या असतात. परंतु परिपक्व होऊ लागलेली पेशी थांबलेली असते. म्हणून तो रखवालदाराला आणि लेखापरीक्षकाला एकाच वेळी दूर करतो. येथे कुलपे तुटलेली नसतात, केवळ निकामी केलेली असतात. परिणाम मात्र तोच होतो.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारल्यास आम्ही पुण्याकडे बोट दाखवू. सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. या विषाणूच्या चार प्रकारांपासून ती संरक्षण देते. मुलींना विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वी ती दिल्यास रखवालदारावर हल्ला होण्याची वेळच सहसा येत नाही. ज्या स्त्रियांचे लसीकरणाचे वय उलटून गेले आहे, त्यांच्यासाठी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी हाच राजमार्ग आहे. लस घेतलेल्यांनीही योग्य वयात ती तपासणी करून घ्यावयाची असते.

६. हरवलेली शिस्त परत आणता येते काय?

काही प्रमाणात आणता येते, आणि ही या लेखातील सर्वांत आशादायक बाब आहे. रक्ताच्या कर्करोगाचा ‘प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशींची घडण मध्येच अडकते. एकेकाळी हा रोग काही दिवसांत प्राण घेणारा समजला जाई. शांघाय येथील डॉ. वांग झेन्यी यांनी १९८० च्या दशकात ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते असलेले एक औषध देऊन या पेशींना परिपक्व होण्यास भाग पाडले. पुढे आर्सेनिकच्या औषधाचीही त्यास जोड मिळाली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी केवळ आर्सेनिकच्या औषधावर या रोगाचे रुग्ण बरे करून दाखविले आणि खर्चाचा भार कमी करण्याचा मार्ग खुला केला. आज या रोगाचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र बाजारातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन कर्करोग बरा होतो, असा याचा अर्थ कृपया कोणी घेऊ नये.

दुसरे उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे. आरबीवर फॉस्फेट चिकटविणाऱ्या विकरांना रोखणारे ‘पाल्बोसिक्लिब’ हे औषध २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले. या औषधाने रखवालदाराची पकड पुन्हा घट्ट होते. अर्थात गाठीत रखवालदार हजर असेल, तरच हे शक्य आहे. आरबी मुळातच नष्ट झालेल्या पेशींवर हे औषध चालत नाही. भारतात या औषधाचे एकाधिकार २०२३ च्या प्रारंभी संपले. त्यानंतर देशी कंपन्यांनी ते पुष्कळ कमी किमतीत उपलब्ध केले. औषध भांडाराची बिले तपासणाऱ्यास अशी एखादी तारीख किती रुग्णांच्या आयुष्याशी निगडित असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

७. कुटुंबीयांनी काय ध्यानात ठेवावे?

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. घराण्यात कुणालाच नसताना रोग कसा झाला? रेटिनोब्लास्टोमाच्या सुमारे ६० टक्के बालकांत बिघाड केवळ डोळ्यातील पेशीत झालेला असतो. तो घराण्यातून आलेला नसतो. उरलेल्या ४० टक्के बालकांत तो जन्मजात असतो. परंतु त्यांतीलही बहुतेकांच्या आईवडिलांत तो नसतो. बीजपेशी तयार होताना तो नव्यानेच उद्भवलेला असतो. असा नवा बिघाड बहुधा पित्याकडील बीजपेशीत होतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. यात पित्याचाही दोष नाही, कारण अब्जावधी अक्षरांची प्रत काढताना पेशीकडून क्वचित एखादे अक्षर चुकते. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या समाजात अशा वेळी बोल लावला जातो तो आईला. ग्रहण पाळले नाही, गरोदरपणी नको ते खाल्ले, अमुक गोष्ट पाहिली, अशी कारणे सांगून तिला घरच्यांसमोर अपराधी ठरविले जाते. या रोगाचा अशा गोष्टींशी कोणताही संबंध नाही. आजारी लेकराची शुश्रूषा करणाऱ्या मातेवरचे हे ओझे उतरविणे, हे प्रत्येक नातेवाइकाच्या हाती आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. तान्ह्या बालकाने काहीही केलेले नसते. देह घडत असताना, घडणीच्याच कामात झालेली ती दुरुस्त न झालेली चूक असते.

व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी पुढीलप्रमाणे :

बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसणे हे या रोगाचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. मांजराच्या डोळ्यासारखी ही चमक पुष्कळदा फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात प्रथम दिसते. डोळा तिरळा होणे हे दुसरे लक्षण. अशी चमक वा तिरळेपणा प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही. तरीही ‘मोठा झाला की जाईल’ असे म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी.

रोग डोळ्यापुरता मर्यादित असताना उपचार सुरू झाल्यास बालकाचा जीव बहुधा वाचतो. प्रगत देशांत अशी ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. केमोथेरपी, लेसर, शीतोपचार अशा साधनांनी अनेकदा डोळाही राखता येतो. मात्र काही वेळा डोळा काढण्याचा सल्ला दिला जातो. हा निर्णय कोणत्याही आईबापास जड जातो, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु विचार करण्यासाठी म्हणून बालकास गावी नेले आणि त्यात काही महिने गेले, तर रोग दृष्टीच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे सरकू शकतो. कृत्रिम डोळा बसवून मूल शाळेत जाऊ शकते, खेळू शकते, पुढे संसारही करू शकते. म्हणून शंका असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. तारीख मात्र पुढे ढकलू नये.

एका अपत्यास हा रोग झाल्यास भावंडांचीही तपासणी करावी. शक्य असेल तेथे जनुक-चाचणी करावी. ज्या व्यक्तीत जन्मजात दोष आहे, तिच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. चाचणीत अपत्यास तो नाही असे ठरले, तर त्याच्या वारंवार होणाऱ्या तपासण्या टळतात. दोष आहे असे ठरले, तर जन्मापासूनच डोळ्यांवर लक्ष ठेवता येते. जन्मजात दोष असलेल्या आणि बऱ्या झालेल्या मुलांनी मोठेपणीही आपल्या डॉक्टरांस पूर्वीचा आजार सांगावा. हाडाला न उतरणारी सूज वा दुखणे आल्यास ते अंगावर काढू नये.

८. देणगीदार व विश्वस्तांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेने बालकर्करोगांसाठी २०१८ साली जो उपक्रम हाती घेतला, त्यात प्राधान्याने निवडलेल्या सहा रोगांमध्ये रेटिनोब्लास्टोमा आणि विल्म्स गाठ या दोहोंचा समावेश आहे. याचे कारण उघड आहे. हे रोग बरे होण्याजोगे आहेत आणि तरीही गरीब देशांतील मुले त्यांना बळी पडतात. श्रीमंत देशातील मूल आणि आपल्याकडील मूल यांची आरबी जनुके सारखीच असतात. फरक असतो तो रोग ओळखला जाण्याच्या दिवसात आणि उपचार मध्येच न सुटण्यात.

धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. शासनाच्या आरोग्य योजनांतूनही कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो. परंतु खेड्यातून येणाऱ्या कुटुंबाचा प्रवास, शहरातील मुक्काम, बुडालेली रोजंदारी आणि काही विशेष चाचण्या यांसाठी लागणारा पैसा बहुधा कोणत्याच योजनेच्या चौकटीत बसत नाही. उपचार अर्ध्यावर सुटण्याचे कारण पुष्कळदा औषधाची किंमत नसून एस.टी.चे भाडे असते. आपली देणगी नेमक्या याच जागी उपयोगी पडते.

नडसन यांनी ४८ मुलांच्या नोंदी वाचल्या, त्या मुलांपैकी कुणासही त्या सिद्धान्ताचा लाभ झाला नसेल. त्यांच्यामागून जन्मलेल्या असंख्य मुलांना तो झाला. संशोधकाचे काम आणि देणगीदाराचे काम यांत हे साम्य आहे, की ज्याच्यासाठी आपण काही करतो, त्याचा चेहरा बहुधा आपल्याला दिसत नाही.  या लेखातील माहिती आपल्या परिचितांपैकी एका जरी मातेपर्यंत पोहोचली आणि तिने आपल्या बाळाच्या डोळ्यांतील चमक वेळीच तज्ज्ञांस दाखविली, तरी अहवालातील ही पाने सत्कारणी लागली असे आम्ही समजू.



– रुग्णालय व्यवस्थापन